लाल ज्वारीची वाट

काही शब्दांचा उगम शब्दकोशात सापडत नाही, तो इतिहासात शोधावा लागतो. 'मिलो' हा असाच एक शब्द. मराठवाड्यात, सोलापूर-अहमदनगरच्या (आताच्या अहिल्यानगरच्या) अवर्षणग्रस्त पट्ट्यात किंवा सांगलीच्या पूर्वेकडील तालुक्यांत सत्तरी ओलांडलेल्या कोणत्याही स्त्रीसमोर तो उच्चारून पाहावा. पाठोपाठ 'बहात्तर साल', 'खडी', 'सुकडी' हे शब्द आपोआप बाहेर पडतात. रेशनच्या दुकानातून मिळालेली ती तांबडी ज्वारी. तिच्या पिठाला चिकटपणा नव्हता, भाकरी थापता थापता चिरत असे आणि तव्यावरून उतरली तरी तिचा उग्र वास जात नसे, असे या वृद्धा सांगतात. अमेरिकेत हे धान्य गुरांना व डुकरांना घालतात, ही गोष्टही खेड्यापाड्यांत सर्वांना ठाऊक होती. ती खरीही होती. कॅन्सस व टेक्सासच्या कोरड्या माळांवर पिकणारे हे धान्य तेथे मुख्यत्वे पशुखाद्यच होते. ज्या प्रदेशाने शतकानुशतके मालदांडीसारखी शुभ्र, टपोरी ज्वारी पिकवली आणि खाल्ली, त्या प्रदेशाच्या ताटात सातासमुद्रापलीकडचे पशुखाद्य यावे, यात एक अपमान दडला होता. भूक भागली तरी तो लोकांच्या स्मरणातून गेला नाही.

ही ज्वारी येथवर आली कशी, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे. पाऊस पडला नाही, पीक बुडाले, म्हणून परदेशातून धान्य आणले, हे उत्तर चुकीचे नाही. पण ते अपुरे आहे. त्या वर्षी मॉस्कोच्या परिसरात, पेरूच्या किनाऱ्यावर आणि वॉशिंग्टनच्या कचेऱ्यांत जे घडत होते, त्याचा आपल्या चुलीशी निकटचा संबंध होता. दगड फोडणाऱ्या आपल्या माणसांना त्याची कल्पना नव्हती. राज्यकर्त्यांनाही ती फार उशिरा आली.

थोडे मागे जाऊ. १९५४ साली अमेरिकेने आपले अतिरिक्त धान्य सवलतीच्या दराने परराष्ट्रांना देण्याचा कायदा केला. 'पी. एल. ४८०' या नावाने तो आपल्याकडे ओळखला जातो. १९५६ पासून भारत त्याचा मोठा लाभार्थी झाला. १९६० साली केंद्रीय अन्नमंत्री स. का. पाटील यांनी चार वर्षांत १ कोटी ७० लाख टन धान्य घेण्याचा करार केला. किंमत रुपयांत चुकवायची होती, परकीय चलनाचा प्रश्न नव्हता. त्यामुळे तो सौदा अतिशय सोयीचा वाटला. (पुण्याच्या परिसरात १९५५-५६ च्या सुमारास प्रथम आढळलेले गाजर गवत या आयात गव्हातूनच आले, अशी सार्वत्रिक समजूत आहे. लोकांनी त्याला 'काँग्रेस गवत' हे नाव देऊन आपला अभिप्राय नोंदवून ठेवला आहे.) पुढे १९६५-६६ चे अवर्षण आले. देशाचे अन्नधान्य उत्पादन आदल्या वर्षीच्या ८ कोटी ९० लाख टनांवरून ७ कोटी २० लाख टनांवर घसरले आणि १९६६ साली सुमारे एक कोटी टन धान्य आयात करावे लागले. याच सुमारास अध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी दीर्घ मुदतीचे करार थांबवून एकेक जहाज मोजूनमापून सोडण्याचे धोरण स्वीकारले. भारताने शेतीधोरण बदलावे, व्हिएतनामच्या युद्धावर टीका आवरती घ्यावी, अशा अपेक्षा त्यामागे होत्या. जहाज बंदराला लागायचे आणि त्यातील गहू थेट लोकांच्या तोंडी जायचा, अशी तेव्हाची अवस्था होती.

उत्पत्तीच्या पुस्तकातील योसेफाची कथा आपण अनेकदा ऐकतो व ऐकवतो. सुकाळाच्या सात वर्षांत त्याने कोठारे भरली आणि दुष्काळाच्या सात वर्षांत मिसर देश वाचवला. परंतु सत्तेचाळीसाव्या अध्यायातील पुढचा भाग प्रवचनांत सहसा येत नाही. धान्याच्या मोबदल्यात लोकांनी प्रथम पैसा दिला, मग गुरे दिली, शेवटी जमिनी आणि स्वतःलाही फारोच्या हवाली केले. कोठाराची किल्ली ज्याच्या हाती, त्याच्या हाती पुढे बरेच काही जाते, हे त्या प्राचीन लेखकाने लपवलेले नाही. १९६६ साली दिल्लीत बसलेल्यांनी तो अध्याय वाचला असो वा नसो, त्याचा अनुभव मात्र घेतला. मेक्सिकन गव्हाचे १८,००० टन बियाणे त्याच वर्षी आणले गेले. पंजाब-हरियाणात जे घडले त्याला आपण हरितक्रांती म्हणतो. गव्हाचे उत्पादन १९६४-६५ मध्ये सुमारे १ कोटी २३ लाख टन होते, ते १९७१-७२ मध्ये २ कोटी ६४ लाख टनांवर गेले. १९७१ च्या अखेरीस, बांगलादेशच्या युद्धाच्या सावटात, भारताने सवलतीच्या अमेरिकन धान्याला रामराम ठोकला. स्वाभिमानाचा तो क्षण खरा होता. पण त्याची परीक्षा पुढच्याच पावसाळ्यात व्हावी, हा योग विलक्षण म्हटला पाहिजे.

महाराष्ट्रात १९७० पासूनच पाऊस रुसलेला होता. १९७०-७१ आणि १९७१-७२ ही दोन्ही वर्षे कमी पिकाची गेली होती. घरातील कणगी रिकामी, सावकाराचे दार ठोठावून झालेले, बैल विकावेत की ठेवावेत याचा घोर लागलेला, अशा स्थितीत १९७२ चा मोसमी पाऊस आला आणि न पडल्यासारखाच गेला. ज्वारी-बाजरीच्या या कोरडवाहू प्रदेशाला हरितक्रांतीचा फारसा स्पर्श झालेला नव्हता. देशाच्या सरासरीत गव्हाची वाढ दिसत होती. औरंगाबाद-बीडच्या शेतकऱ्याच्या पदरी त्यातले काही नव्हते.

त्याच वर्षी पेरूच्या किनाऱ्यावर समुद्राचे पाणी तापले. नाताळच्या सुमारास येणाऱ्या या उष्ण प्रवाहाला तेथील कोळ्यांनी बाळ येशूवरून 'एल निनो' असे नाव दिले आहे. या पाण्याचा आणि आपल्या पावसाचा काही संबंध असेल, हे पूर्वी कोणाच्या ध्यानीमनी नव्हते. भारतीय वेधशाळांचे प्रमुख म्हणून १९०४ साली आलेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी मोसमी पावसाचे गूढ उकलण्यासाठी जगभरच्या हवेच्या दाबाचे आकडे तपासले आणि प्रशांत महासागरावरील दाबाचा हिंदोळा शोधून काढला. त्याचा व पेरूच्या उष्ण पाण्याचा सांधा १९६० च्या दशकात याकोब बियर्कनेस यांनी जुळवला. पेरूला त्या काळी या समुद्राने श्रीमंत केले होते. आपल्या मांदेलीच्या कुळातील अँकोव्ही नावाची चिमुकली मासळी तेथे १९७० साली १ कोटी २० लाख टनांहून अधिक पकडली गेली होती. तिची भुकटी युरोप-अमेरिकेतील कोंबड्या व डुकरे खात. १९७२ मध्ये हा आकडा पन्नास लाखांच्या खाली आणि १९७३ मध्ये वीस लाखांच्याही खाली गेला. मासळीची भुकटी नाही, म्हणून पशुखाद्यासाठी सोयाबीनची मागणी वाढली. सोयाबीन महागले, म्हणून मका व मिलोही महागले.

रशियातील संकट निराळे होते, आणि त्याचे सारे खापर एल निनोवर फोडता येणार नाही. १९७१-७२ च्या हिवाळ्यात बर्फाचे पांघरूण पुरेसे पडले नाही आणि हिवाळी गहू थंडीने जळाला. पुढच्या उन्हाळ्यात इतकी रखरख झाली की मॉस्कोभोवतीच्या दलदलीतील पीट पेटले व शहरावर धुराचा थर साचला. अशा वेळी पूर्वीच्या सोव्हिएत राज्यकर्त्यांनी गुरे मारली असती आणि जनतेला कमी खायला लावले असते. ब्रेझनेव्ह यांच्या राजवटीने मात्र जनतेला अधिक मांस देण्याचे वचन दिले होते. गुरे जगवायची तर धान्य हवे, आणि ते बाहेरून आणायला हवे, असे ठरले.

पुढची हकीगत एखाद्या रहस्यकथेत शोभावी अशी आहे. जुलै १९७२ मध्ये सोव्हिएत धान्यखरेदी संस्थेचे अधिकारी अमेरिकेत उतरले व एकेका मोठ्या व्यापारी कंपनीला गुपचूप भेटू लागले. मोठा सौदा आपल्यालाच मिळाला, अशा समजुतीत प्रत्येक कंपनी गप्प राहिली. गव्हाची निर्यात वाढावी म्हणून अमेरिकन सरकारने परदेशी ग्राहकासाठी बुशेलला सुमारे १.६५ डॉलर हा भाव धरून ठेवला होता. देशातील भाव त्याहून वर गेला तर फरक सरकार भरून देई. सोव्हिएत खरेदीदारांनी सुमारे १ कोटी २० लाख टन गहू, म्हणजे अमेरिकेच्या त्या वर्षीच्या पिकाचा जवळजवळ चौथा हिस्सा उचलला, तोही अमेरिकन करदात्याच्या सुमारे तीस कोटी डॉलरच्या अनुदानासह. हे ध्यानात येईपर्यंत कोठारे रिकामी झाली होती. १९७४ च्या आरंभी गव्हाचा भाव पाच डॉलरच्या पलीकडे पोहोचला. साम्यवादी राष्ट्राने भांडवलशाहीच्या बाजारात भांडवलशहांनाच मात दिली, याची तेव्हा पुष्कळ थट्टा झाली. परंतु या व्यवहारात रशियन गुरांचे पोट भरले ते नेमके कोणाच्या ताटातून, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

कारण त्याच बाजारात, काही महिने उशिरा, भारत पोहोचला. खरीप बुडाल्याचे पुरते स्पष्ट होईपर्यंत स्वस्त गहू संपला होता. आता सवलत नव्हती, रुपयांतील व्यवहार नव्हता. परकीय चलन मोजून जे मिळेल ते घ्यायचे होते. मिळाले त्यात मिलो होती. जहाजातून मुंबईच्या गोदीत उतरलेले धान्य मराठवाड्यात पोहोचवणे हाही एक द्राविडी प्राणायाम होता. मनमाडपर्यंत रुंद मापाची रेल्वे आणि तेथून औरंगाबाद-परभणीकडे मीटर मापाची; लातूरकडे जायचे तर कुर्डुवाडीपासून बार्शी लाइटची चिमुकली गाडी. प्रत्येक सांध्यावर पोते एका वाघिणीतून उतरवून दुसरीत चढवायचे. दुष्काळाच्या इतिहासात हमालांची पाठ हा दुवा कोठेच नोंदलेला नसतो. १९७३ च्या शरदात खुद्द सोव्हिएत संघाने भारताला २० लाख टन गहू उसना दिला. मैत्रीचे ते कृत्य होते, यात शंका नाही. पण आदल्या वर्षीच्या त्या घाऊक खरेदीने बाजार ज्याने रिकामा केला, त्याच्याकडूनच उसने घ्यावे लागले, हा विरोधाभास त्या काळच्या आनंदात झाकला गेला.

देशांतर्गत स्थितीही सरळ नव्हती. एका राज्यातून दुसऱ्या राज्यात खाजगी व्यापाऱ्याने धान्य नेण्यावर निर्बंध होते. ज्या राज्यांत पीक होते ती आपले धान्य बाहेर सोडायला नाखूश होती, आणि केंद्राकडून महाराष्ट्राला मिळणारा वाटा मागणीपेक्षा सतत कमी पडत होता. एप्रिल १९७३ मध्ये सरकारने गव्हाचा घाऊक व्यापार ताब्यात घेतला. तो प्रयोग फसला आणि वर्षभरात गुंडाळावा लागला. मुंबईत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर यांच्या नेतृत्वाखाली गृहिणी लाटणी घेऊन रस्त्यावर आल्या. लाटणे-मोर्चांचे आपण कौतुकाने स्मरण करतो. त्या लाटण्यांच्या आवाजात शिकागोच्या धान्यबाजाराचा प्रतिध्वनीही होता, हे मात्र विसरतो.

एवढे सारे प्रतिकूल असता महाराष्ट्रात माणसे किड्यामुंग्यांसारखी का मेली नाहीत? शंभर वर्षांपूर्वी, १८७६ ते ७८ च्या दुष्काळात, ती मेली होती. तेव्हाही प्रशांत महासागर असाच तापला होता. उत्तर चीन व ईशान्य ब्राझीलही त्याच वेळी होरपळत होते. दख्खनमध्ये रेल्वे आलेली होती, सुएझ कालवा खुला झाला होता. तरी हिंदुस्थानातून गव्हाची निर्यात चालूच राहिली. १८७७-७८ मध्ये सुमारे ३ लाख २० हजार टन गहू परदेशी गेला. व्हाइसरॉय लिटन यांना बाजारात ढवळाढवळ मान्य नव्हती. दुष्काळी कामावरील मजुराला दिवसाला एक रतल धान्य आणि वर जेमतेम आणाभर, हे रिचर्ड टेंपल यांनी ठरवलेले मान कुप्रसिद्ध आहे. याच टेंपल यांनी १८७४ साली बिहारमध्ये ब्रह्मदेशातून तांदूळ मागवून लोकांना वाचवले होते आणि उधळपट्टीबद्दल बोल खाल्ले होते. तो धडा ते नको तितका चांगला शिकले. मजुरी घटवताच दख्खनमधील सुमारे एक लाख मजूर १८७७ च्या आरंभी कामे सोडून चालते झाले, आणि पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्यांची बाजू मांडली. धनकवडीला जोतीराव फुले व त्यांच्या सत्यशोधक सहकाऱ्यांनी दुष्काळग्रस्त मुलांसाठी अन्नछत्र चालवले. देशभरात किमान पंचावन्न लाख माणसे दगावली. आगगाडीने धान्य जितक्या वेगाने आत आणता येते तितक्याच वेगाने ते बाहेरही नेता येते. ते कोणत्या दिशेने जाईल, हे अखेर पैसा कोणाच्या हाती आहे यावर ठरते.

१९७३ साली हा पैसा मजुराच्या हाती पडला, हाच काय तो फरक. वसंतराव नाईक यांच्या सरकारने दुष्काळी कामे काढली. ती काढावीत म्हणून गावोगावी मोर्चे निघाले, घेराव पडले, हेही सांगितले पाहिजे. सरकारच्या सद्बुद्धीला लोकांच्या रेट्याची जोड होती. मे १९७३ मध्ये या कामांवर सुमारे पन्नास लाख माणसे होती आणि त्यांत स्त्रिया फार मोठ्या संख्येने होत्या. खडी फोडणे, रस्ते, पाझर तलाव, बांधबंदिस्ती. मजुरी तुटपुंजी होती, पण रोख होती. ज्याँ द्रेझ यांनी पुढे या दुष्काळाचा बारकाईने अभ्यास केला. सरकारी धान्य गरजेहून कमी आले, तरी हातात पैसा असल्यामुळे निर्बंध चुकवून खाजगी धान्यही महाराष्ट्राकडे खेचले गेले, आणि जे थोडे उपलब्ध होते ते पूर्वीच्या कोणत्याही दुष्काळापेक्षा अधिक समान वाटले गेले, असे त्यांचे प्रतिपादन आहे. विधान परिषदेचे सभापती वि. स. पागे यांनी १९६५ साली सांगली जिल्ह्यातील विसापूरला केलेल्या प्रयोगाला येथे अकस्मात राज्याचा आकार मिळाला. त्यातून झालेला रोजगार हमीचा कायदा १९७९ च्या प्रजासत्ताकदिनी अमलात आला. २००५ चा केंद्रीय कायदा त्याचाच वारसदार होय.

ज्यांच्या हाती असा पैसा पडला नाही, त्यांची गत पाहावी. इथिओपियाच्या वोलो प्रांतात त्याच काळात माणसे मरत असताना तेथून धान्य राजधानीकडे जात होते. १९७४ मध्ये बांगलादेशात पूर आले. शेतमजुरांची कामे बुडाली, तांदळाचे भाव भडकले. आणि क्यूबाला तागाची पोती विकल्याच्या कारणावरून अमेरिकेने धान्यमदत अडवून धरली. मृतांचा अधिकृत आकडा २६,००० होता. अभ्यासकांचे अंदाज त्याच्या कित्येक पट आहेत. त्या वर्षी बांगलादेशातील दरडोई धान्य शेजारच्या वर्षांपेक्षा कमी नव्हते, हे अमर्त्य सेन यांनी दाखवून दिले. नोव्हेंबर १९७४ मध्ये रोमला जागतिक अन्न परिषद भरली. पोप पॉल सहावे यांनी प्रतिनिधींना संबोधित केले. दहा वर्षांत एकही मूल उपाशी झोपणार नाही, असे ध्येय हेन्री किसिंजर यांनी मांडले. जागतिक धान्यसाठ्याची कल्पना त्या परिषदेत पुष्कळ चर्चिली गेली. किल्ली कोणाकडे राहील यावर मात्र एकमत झाले नाही.

हा सारा इतिहास आता आठवण्याचे कारण असे की मधल्या काळात आपली जागा बदलली आहे. त्या वेळी आपण दाराबाहेर उभे होतो. आता दार आपल्या हाती आहे. २००७-०८ मध्ये भारताने तांदळाची निर्यात आवळली, व्हिएतनामने तेच केले, आणि जगात तांदळाचा तुटवडा नसताना केवळ धास्तीने थाई तांदळाचा भाव काही महिन्यांत तिप्पट झाला. २०२२ चा मार्च हा भारतात १२२ वर्षांतील सर्वांत उष्ण मार्च ठरला. दाणे भरण्याच्या वेळी गहू भाजून निघाला आणि १३ मे रोजी निर्यात बंद झाली. २० जुलै २०२३ रोजी बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात थांबली. पुढच्या महिन्यात एल निनोच्या छायेत १९०१ पासूनचा सर्वांत कोरडा ऑगस्ट आला. तांदळाच्या जागतिक व्यापारात भारताचा वाटा सुमारे ४० टक्के आहे. सेनेगल, बेनिन, फिलिपिन्स येथील गरिबाच्या भाताचा भाव त्या आदेशाने हलला. सप्टेंबर २०२४ मध्ये बंदी उठली. मध्यंतरी काही देशांना सरकारी पातळीवर तांदूळ दिला गेला, ही त्यातल्या त्यात सुज्ञ गोष्ट. आपल्या जनतेसाठी धान्य राखणे हे कोणत्याही सरकारचे कर्तव्य आहे, हे मी नाकारत नाही. परंतु सरकारी कोठारे तुडुंब असताना, पूर्वसूचनेविना, एका रात्रीत दार लोटून घेणे यात मला जॉन्सन यांच्या एकेका जहाजाची आठवण होते. शिवाय याची किंमत घरातही कोणीतरी मोजतो. डिसेंबर २०२३ ते मे २०२४ या काळात कांद्याची निर्यात बंद होती. शहरातील ग्राहकाला मिळालेला दिलासा लासलगावच्या शेतकऱ्याच्या खिशातून आला होता.

लाल ज्वारीच्या कथेचे एक टोक अद्याप सांगायचे राहिले आहे. पेरूची मासळी नाहीशी झाल्यावर सोयाबीन इतके महागले की २७ जून १९७३ रोजी अध्यक्ष निक्सन यांनी अमेरिकन सोयाबीनची निर्यातच रोखली. बंदी अल्पकाळ टिकली, पण जपानने हाय खाल्ली. एकाच पुरवठादारावर विसंबणे धोक्याचे, हे ओळखून जपानने ब्राझीलमधील सेराडोच्या ओसाड माळांवर भांडवल व तंत्रज्ञान लावले. आज ब्राझील हा जगातील सर्वांत मोठा सोयाबीन उत्पादक देश आहे. इकडे मराठवाड्याने गेल्या तीन-चार दशकांत ज्वारी कमी कमी करत सोयाबीन पेरले. घरच्या भाकरीपुरती ज्वारी आता पुष्कळांना विकत आणावी लागते. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीनचा सौदा निघतो तेव्हा ब्राझीलमध्ये पाऊस कसा झाला याचीही चौकशी होते. पाऊस चांगला झाला असेल, तर भाव पडतो.